गोव्यातल्या घराचं व्हॅल्युएशन: व्हॅल्युअर कसा निवडायचा, कागद कुठले काढायचे आणि रिपोर्ट कसा वाचायचा

साखळीजवळच्या आमच्या घराचं पहिलं व्हॅल्युएशन झालं तेव्हा आलेला माणूस गाडीतून उतरला, गेटसमोरून दोन फोटो काढले, आईनं चहा ठेवला होता तो पण न घेता गेला, आणि आठ दिवसांनी रिपोर्ट आला त्यात घर ९५ चौरस मीटर. घर आहे १३२ मीटर. मागचं माजघर, न्हाणी आणि बाबांनी नंतर वाढवलेली खोली त्यानं बघितलीच नव्हती. आम्ही तिघं भावंडं, दादाला ताईचा आणि माझा हिस्सा घ्यायचा होता, म्हणजे तो आकडा कमी आला तर आमचं नुकसान, जास्त आला तर दादाचं, आणि कोणालाच कोणाचं नुकसान करायचं नव्हतं. मग दुसरा व्हॅल्युअर बोलवला, तो अडीच तास घरात होता. त्या दोन रिपोर्टांच्या नादात मी हा सगळा विषय खोदून काढला, आता फोंड्यात ओळखीतलं कोणी घर विकायला किंवा लोन काढायला निघालं की पहिला फोन मला येतो, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय.

सगळ्यात आधी: व्हॅल्युएशन कशासाठी पाहिजे ते ठरवा

लोकांना वाटतं घराची किंमत एकच असते. तसं नाही. एकाच घराचे, एकाच दिवशी, वेगवेगळ्या कामासाठी वेगवेगळे आकडे येतात आणि सगळे बरोबर असू शकतात. बँकेच्या रिपोर्टमध्ये साधारण तीन आकडे दिसतील, एक बाजारभाव म्हणजे घेणारा आणि विकणारा दोघांवर कसलीच घाई-जबरदस्ती नसताना जी किंमत ठरेल ती, दुसरा त्याहून थोडा कमी, म्हणजे ठराविक मुदतीत विकलं तर खरोखर हातात येईल तो, आणि तिसरा घाईत, लिलावात विकावं लागलं तर येणारा. इन्शुरन्ससाठी काढलं तर जमिनीची किंमत धरतच नाहीत, कारण घर जळलं तरी जमीन कुठे जात नाही, फक्त पुन्हा बांधायचा खर्च बघतात. सब-रजिस्ट्रारकडे स्टॅम्प ड्युटीला जी किंमत धरली जाते ती आणखी वेगळी, ती सरकारनं ठरवलेल्या किमान दरांवर चालते.

त्यामुळे व्हॅल्युअरला फोन केला की पहिलं वाक्य हे पाहिजे की मला होम लोनसाठी, किंवा कॅपिटल गेनसाठी म्हणजे घर विकून झालेल्या फायद्यावरच्या टॅक्ससाठी, किंवा वाटणीसाठी, किंवा मुलाच्या व्हिसासाठी रिपोर्ट पाहिजे. आणि कुठल्या तारखेची किंमत पाहिजे ते पण सांगायचं. आजची की १ एप्रिल २००१ ची (ही तारीख का, ते पुढे कॅपिटल गेनमध्ये येतंय), हा प्रश्न व्हॅल्युअरनं स्वतःहून विचारला तर समजा माणूस कामाचा आहे.

व्हॅल्युअर कोण असतो, आणि कोण नसतो

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो म्हणून जरा सावकाश वाचा. आपल्याकडे घराच्या व्हॅल्युअरचे मुख्य तीन शिक्के आहेत, आणि एकाच माणसाकडे तिन्ही असू शकतात.

पहिला इन्कम टॅक्सवाला. १९५७ च्या संपत्ती कर कायद्याच्या कलम ३४एबी खाली रजिस्टर झालेला व्हॅल्युअर. संपत्ती कर स्वतः २०१५ च्या बजेटमध्ये गेला पण व्हॅल्युअरचं हे रजिस्ट्रेशन कॅपिटल गेनच्या कामाला चालत राहिलं. घर-जमिनीसाठी हा माणूस साधारणपणे सिव्हिल इंजिनिअर, आर्किटेक्ट किंवा टाउन प्लॅनिंगचा पदवीधर असतो आणि पाठीशी बऱ्याच वर्षांची प्रॅक्टिस किंवा सरकारी नोकरीतला अनुभव असतो. एप्रिल २०२६ पासून नवीन आयकर कायदा लागू आहे त्यात कलमांचे नंबर बदललेत, तेव्हा रिपोर्टवर कुठलं कलम लिहायचं ते तुमच्या सीएला आधी विचारून घ्या.

दुसरा आयबीबीआयचा, म्हणजे इन्सॉल्व्हन्सी अँड बँकरप्सी बोर्ड ऑफ इंडिया ह्या सरकारी संस्थेचा रजिस्टर्ड व्हॅल्युअर. कंपनी कायदा २०१३ चं कलम २४७ आणि त्याखालचे २०१७ चे नियम, त्यातून हा प्रकार आला. इथे तीन वर्ग आहेत: जमीन आणि इमारत, प्लांट आणि मशिनरी, आणि शेअर्स वगैरे आर्थिक मालमत्ता. घरासाठी पहिलाच वर्ग चालतो, मशिनरीचा व्हॅल्युअर कितीही हुशार असला तरी तुमच्या घराचा रिपोर्ट त्यानं देऊ नये. जमीन-इमारत वर्गासाठी सिव्हिल, आर्किटेक्चर किंवा टाउन प्लॅनिंगची पदवी आणि ५ वर्षांचा अनुभव, पदव्युत्तर असेल तर ३ वर्षं, मग रजिस्टर्ड व्हॅल्युअर्स ऑर्गनायझेशनचा मेंबर व्हायचं, ५० तासांचा कोर्स, मग कॉम्प्युटरवर परीक्षा, त्यात ६० टक्के पाहिजेत. एवढं झाल्यावर रजिस्ट्रेशन नंबर मिळतो.

तिसरा बँकेच्या पॅनलवरचा. ही वेगळी डिग्री नाही, बँकेनं आपल्या यादीत घेतलेला माणूस. होम लोनला बँक आपल्या पॅनलवरच्यालाच पाठवते, तुम्ही बाहेरून कितीही चांगला रिपोर्ट आणला तरी बँक तो धरत नाही. फी मात्र तुमच्याकडूनच जाते.

आणि कोण नसतो? ब्रोकर नसतो. लेटरहेडवर "या घराची किंमत अमुक लाख" असं लिहून दिलं म्हणून ते व्हॅल्युएशन होत नाही. घर बांधणारा कॉन्ट्रॅक्टर पण नाही. ब्रोकरकडून बाजारात काय चाललंय ते कळतं, ते ऐकून घ्यावं, पण कागदावर सही दुसऱ्याची पाहिजे.

तपासायचं कसं ते सोपं आहे. आयबीबीआयच्या वेबसाइटवर रजिस्टर्ड व्हॅल्युअर्सची यादी आहे, तिथे नाव टाका, वर्ग बघा. त्याच्याकडे सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस मागा, ते चालू मुदतीतलं पाहिजे. मग दोन प्रश्न विचारा, आमच्या तालुक्यात तुम्ही अलीकडे किती घरं केलीत, आणि ह्या व्यवहारातल्या कोणाशी तुमचा काही संबंध आहे का. फी आधीच लिहून घ्या. आयबीबीआयच्या आचारसंहितेत स्पष्ट आहे की लेखी करारात सांगितलेली सोडून दुसरी फी घ्यायची नाही आणि काम "जमलं" तर जादा असली फी पण नाही. "किती आकडा पाहिजे तुम्हाला?" असं कोणी फोनवर विचारलं तर तिथेच थँक्यू म्हणून ठेवून द्या, तो रिपोर्ट उद्या तुमच्यावरच उलटेल.

कागद: गोव्यात अर्धी किंमत इथेच ठरते

व्हॅल्युअर यायच्या आधी एक फाइल तयार करा. सेल डीड किंवा ज्या कागदावरून घर तुमचं झालं तो कागद, फॉर्म एक आणि चौदा म्हणजे जमिनीचा सरकारी उतारा, सर्व्हे प्लॅन, शहरात असाल तर फॉर्म डी म्हणजे सिटी सर्व्हेचा उतारा ज्यावर चलता नंबर आणि पी.टी. शीट नंबर असतो, सनद म्हणजे जमीन बिगरशेती केल्याचा कागद, मंजूर प्लॅन, पंचायत किंवा पालिकेचं बांधकाम लायसन्स, ऑक्युपन्सी म्हणजे घर राहायला योग्य असल्याचं सर्टिफिकेट, चालू घरपट्टीची पावती, लाइटचं बिल, आणि निल इन्कम्ब्रन्स म्हणजे घरावर कर्ज-बोजा नसल्याचं सर्टिफिकेट. फ्लॅट असेल तर सोसायटीचे कागद.

आता ह्यात काय बघायचं. फॉर्म एक-चौदाचा कब्जेदाराचा रकाना सगळे बघतात, पण त्याखालचे कुळाचा आणि इतर हक्कांचा हे रकाने बघत नाहीत. तिथे कुळाचं नाव असेल किंवा मुंडकाराचं (म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं) घर नोंदलेलं असेल तर त्या जमिनीची किंमत मोकळ्या जमिनीसारखी धरताच येत नाही, कारण १९७५ च्या मुंडकार कायद्यानं त्याला काढता येत नाही आणि राहतं घर विकत घ्यायचा हक्क पण आहे. माझ्या एका मित्राच्या डिचोलीतल्या प्लॉटमध्ये असंच झालं, सर्व्हे नंबर एक, क्षेत्र ८०० मीटर, सगळे ८०० गुणिले रेट करत बसलेले, आणि कोपऱ्यात मुंडकाराचं घर. कोमुनिदादची म्हणजे जुन्या गावसंस्थेची जमीन असेल तर तिचे नियम आणखी वेगळे, ते व्हॅल्युअरला पहिल्या फोनवरच सांगा.

दुसरं झोन. टीसीपीकडून म्हणजे टाउन अँड कंट्री प्लॅनिंग खात्याकडून झोनिंग सर्टिफिकेट काढा, रिजनल प्लॅन २०२१ प्रमाणे जमीन सेटलमेंटमध्ये (वस्तीसाठी) आहे की ऑर्चर्डमध्ये (बागायतीसाठी) की आणखी कशात. एकाच वाटेच्या अल्याड-पल्याड दोन प्लॉट, एक सेटलमेंट एक ऑर्चर्ड, दोघांच्या रेटमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि शेजाऱ्याचा रेट सांगून आपली किंमत काढणारे इथे हमखास फसतात. टीसीपी कायद्याच्या कलम १७(२) खाली झोन बदलून घेतलेली जमीन असेल तर जास्त जपून, कारण त्याचे नियम मार्च २०२५ मध्ये हायकोर्टाच्या गोवा खंडपीठानं रद्द ठरवले. अशा जमिनीच्या रिपोर्टमध्ये व्हॅल्युअरनं कुठला झोन धरला आणि कशाच्या आधारावर हे स्पष्ट लिहिलेलं पाहिजे. समुद्र किंवा खाडी-नदीजवळ असाल तर सीआरझेडचं, म्हणजे किनाऱ्याजवळच्या बांधकामावरच्या बंधनांचं पण तसंच.

तिसरं, प्लॅनमध्ये नसलेलं बांधकाम. मागे पत्र्याची शेड, गच्चीवर एक खोली, बाल्कनी बंद करून केलेलं किचन. बँकेचा व्हॅल्युअर हे बहुतेक वेळा किंमतीत धरत नाही किंवा वेगळं दाखवतो. आमच्या घरातली बाबांनी वाढवलेली खोली पण ह्याच गटातली निघाली असती, नशिबानं तिचं पंचायतीचं लायसन्स आईनं जपून ठेवलेलं, जुन्या बिस्किटाच्या डब्यात, घरपट्टीच्या पावत्यांसोबत.

व्हॅल्युअर आला की त्याच्याबरोबर फिरा

घरात कोणीतरी मोठं माणूस पाहिजे ज्याला घराचा इतिहास माहीत आहे. आमचा दुसरा व्हॅल्युअर आला तेव्हा त्यानं आधी बाहेरून सगळी फेरी मारली, लेझरच्या मीटरनं प्रत्येक भिंत मोजली आणि वहीत हातानं नकाशा काढला. मग शिडी मागितली. कौलाखाली टॉर्च मारून वाशांना एकेक करून स्क्रूड्रायव्हर टोचत गेला, चार ठिकाणी टणक आवाज, पाचव्या ठिकाणी टोक अर्धा इंच सरळ आत. दादाला म्हणाला, "हा वासा वाळवीनं आतून गेलाय, बाकीचे चांगले आहेत. बदलले कधी होते?" दादाला आठवेना, आईनं माजघरातून आवाज दिला, "दोन हजार बाराला, पावसाच्या आधी, सगळं छप्पर उतरवलेलं!" ते त्यानं लिहून घेतलं, सुताराचं बिल मागितलं. मग चिऱ्यांच्या भिंती बघितल्या, जोडाई मातीची की सिमेंटची, पायाला ओल कुठपर्यंत चढलीय, गिलाव्यावर पांढरी बुरशी आहे का. शेवटी रस्त्यावर येऊन वाटेची रुंदी मोजली आणि विचारलं वाट पंचायतीची की खाजगी. ही वाटेची गोष्ट फार लोक विसरतात, घरापर्यंत गाडी जात नसेल किंवा वाट दुसऱ्याच्या भाटातून (बागायतीतून) असेल तर किंमत पडते.

तेव्हा दुरुस्तीची बिलं, छप्पर-वायरिंग-प्लंबिंग कधी बदललं त्या तारखा, विहीर आहे का आणि मे महिन्यात पाणी असतं का, हे आधीच एका कागदावर लिहून त्याच्या हातात द्या. दोष लपवू नका, सापडतातच, आणि मग तो बाकीच्या गोष्टींवर पण विश्वास ठेवत नाही.

आकडा निघतो कसा

पद्धती तीन. फ्लॅटला बहुतेक तुलना पद्धत, म्हणजे जवळपासचे अलीकडे झालेले सौदे घेऊन मजला, वय, पार्किंग, लिफ्ट ह्याप्रमाणे कमीजास्त करायचं. इथे एकच गोष्ट लक्षात ठेवा, रेट कुठल्या क्षेत्रावरचा. ६० लाखांचा फ्लॅट सुपर बिल्टअप (जिना-लिफ्टसारख्या सामाईक जागेचा वाटा धरून) १०० मीटर धरला तर रेट ६०,०००, आणि कार्पेट ७२ मीटर धरला तर तोच फ्लॅट ८३,३३३ रुपये मीटर. शेजारचा सुपर बिल्टअपचा रेट घेऊन तुमच्या कार्पेटला लावला तर किंमत उगाच पाडली गेली. रेरा म्हणजे रिअल इस्टेट कायद्याच्या व्याख्येप्रमाणे कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती आणि तुमची बाल्कनी धरत नाहीत.

भाड्याच्या उत्पन्नावरची पद्धत घरांना कमी लागते. कळंगुट-कांदोळीकडचा पर्यटकांना दिलेला फ्लॅट असेल तर डिसेंबरचं भाडं गुणिले बारा करणाऱ्यापासून लांब राहा, आणि टुरिस्ट ट्रेड कायद्याखालचं रजिस्ट्रेशन नसेल तर ते उत्पन्न धरायचंच कशाला.

स्वतंत्र घराला जमीन अधिक बांधकाम. जमीन आजच्या रेटनं, आणि बांधकाम आज बांधलं तर किती लागेल त्यातून घसारा वजा. आमच्या घराचाच हिशोब देतो, रेट फक्त समजायला घेतलेत. घर १९८५ चं, २०२५ ला वय ४०. समजा बांधकामाचा रेट २०,०००, क्षेत्र १३२, म्हणजे २६,४०,०००. घराचं एकूण आयुष्य ६० वर्षं धरलं आणि शेवटी १० टक्के मोल उरतं असं धरलं तर घसारा ४० भागिले ६० गुणिले ९०, म्हणजे ६० टक्के. उरलं १०,५६,०००. आता त्या पहिल्या माणसाचे ९५ मीटर घातले तर उरतात ७,६०,०००, जवळजवळ तीन लाख फक्त मागच्या दारानं आत न गेल्यामुळे गेले. आणि छप्पर २०१२ ला बदललंय, भिंती धड आहेत म्हणून आयुष्य ६० ऐवजी ७५ धरलं तर घसारा ४८ टक्क्यांवर येतो आणि बांधकाम होतं १३,७२,८००. म्हणजे रिपोर्टमध्ये बघायचे मुद्दे हेच, क्षेत्र किती, आयुष्य किती धरलं, आणि का.

होम लोनमध्ये हे कुठे चावतं

रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या लोनला किंमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांना ८० टक्के, त्यावर ७५ टक्के, एवढंच लोन मिळू शकतं. बँक सौद्याची किंमत आणि व्हॅल्युएशन ह्यातलं कमी ते धरते. समजा सौदा ६० लाखांना ठरला, तुम्ही ८० टक्क्यांनी ४८ लाख धरून बसलात, व्हॅल्युएशन आलं ५४ लाख. लोन ४३ लाख २० हजार. वरचे ४ लाख ८० हजार खिशातून, आणि स्टॅम्प ड्युटी-रजिस्ट्रेशन ते वेगळंच. म्हणून विकणाऱ्याला मोठं टोकन द्यायच्या आधी बँकेचं व्हॅल्युएशन होऊ द्या, निदान व्हॅल्युएशन कमी आलं तर टोकन परत असं एक वाक्य कागदावर घाला.

कॅपिटल गेन आणि २००१ ची किंमत

१ एप्रिल २००१ च्या आधीचं घर किंवा जमीन विकताय तर मूळ खरेदीऐवजी त्या तारखेची बाजार किंमत धरता येते, आणि त्यासाठी रजिस्टर्ड व्हॅल्युअरचा रिपोर्ट लागतो. मात्र त्या दिवशीची स्टॅम्प ड्युटीची किंमत उपलब्ध असेल तर तिच्याहून जास्त किंमत धरता येत नाही.

२३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला भारतात राहणाऱ्याला दोन वाटा आहेत, इंडेक्सेशनशिवाय (म्हणजे महागाईप्रमाणे जुनी किंमत न वाढवता) १२.५ टक्के किंवा इंडेक्सेशनसह २० टक्के, कमी पडेल ती. समजा २००१ ची किंमत ८ लाख, विक्री २०२५-२६ मध्ये ७० लाखांना. बिनइंडेक्सेशन फायदा ६२ लाख, टॅक्स ७ लाख ७५ हजार. २००१ चा इंडेक्स १००, त्या वर्षाचा ३७६, म्हणजे ८ लाखाचे ३०.०८ लाख, फायदा ३९.९२ लाख, त्याचे २० टक्के ७ लाख ९८ हजार. जवळजवळ सारखंच. पण २००१ ची किंमत ८ ऐवजी ९ लाख निघाली तर पहिल्या वाटेत १२,५०० वाचतात आणि दुसऱ्या वाटेत ७५,२००! म्हणून जुन्या घराला २००१ च्या रिपोर्टवर नीट काम करणारा माणूस शोधा, त्या काळातले रजिस्टर झालेले सौदे जोडणारा. परदेशात राहणाऱ्या आपल्या माणसांना ही दुसरी वाट नाही, लिस्बन-लंडनला असलेल्या भावाबहिणींचा हिस्सा असेल तर त्यांचा हिशोब वेगळा करा. आणि गोव्याच्या नागरी कायद्याप्रमाणे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असेल तर हा फायदा दोघांत अर्धा-अर्धा धरला जातो, बाहेरच्या राज्यातल्या सीएला हे बऱ्याचदा सांगावं लागतं.

वाटणी आणि इन्व्हेंटरी

कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमध्ये मालमत्ता वाटायची केस चालू असेल तर तिथली किंमत फार जपून बघा. वारसांमध्येच बोली लागते, जुनी माणसं त्याला लिसितासांव म्हणतात, आणि यादीतली किंमत कमी असेल तर ज्याच्या हातात रोख आहे त्याचा फायदा, हिस्सा घेऊन बाजूला होणाऱ्याचं नुकसान. यादीतल्या किंमतीवर हरकत असेल तर बोलीच्या आधी घ्या. घरच्या घरी वाटणी असेल तर माझा अनुभव असा की सगळ्यांनी मिळून एकच व्हॅल्युअर ठरवावा, फी सारखी वाटून, आणि तो येईल तेव्हा सगळ्यांनी हजर राहावं.

रिपोर्ट हातात आल्यावर

शेवटच्या पानावरचा आकडा आधी बघू नका. पहिल्या पानापासून, सर्व्हे नंबर आणि सबडिव्हिजन बरोबर आहे का, क्षेत्र मोजलेलं की कागदावरचं, भेटीची तारीख, कुठल्या तारखेची किंमत, कुठली पद्धत, तुलनेला घेतलेले सौदे कुठल्या गावचे आणि कधीचे, कुठल्या गोष्टी गृहीत धरल्या. फोटो आतले पण पाहिजेत. सही, शिक्का, रजिस्ट्रेशन नंबर.

काही चुकलं असेल तर "किंमत कमी वाटते" असं सांगून काही होत नाही, चूक दाखवावी लागते. क्षेत्र ९५ लिहिलंय, मंजूर प्लॅनमध्ये १३२ आहे, कॉपी सोबत, अशा भाषेत ईमेल करा, बँकेचं असेल तर ब्रँचला पण. वस्तुस्थितीची चूक असेल तर चांगला व्हॅल्युअर सुधारून देतो, नाहीच दिला तर तो ज्या रजिस्टर्ड व्हॅल्युअर्स ऑर्गनायझेशनचा मेंबर आहे तिथे तक्रार करता येते. आयबीबीआयच्या रजिस्टर्ड व्हॅल्युअरला कामाच्या नोंदी निदान तीन वर्षं ठेवाव्या लागतात, तेव्हा मोजमापाच्या नकाशाची कॉपी लगेच मागून घ्या. आमच्या घराचा तो वहीतला हातानं काढलेला नकाशा तिघांनी सही करून ताईकडे ठेवलाय, त्यावर न्हाणीसकट सगळं आहे.